पनीर-शेंगदाण्याचं हिरवं सॅलड पाणचट होतंय? या चुका टाळा

हिवाळ्यात हरभऱ्याचा कोवळा पाला, पालक, मेथी, पातीचा कांदा, सांबार (कोथिंबीर) सगळं वावरातून ताजं येतं. त्यात घरचं पनीर आणि भाजलेले शेंगदाणे पडले की रात्रीच्या जेवणाला हलकं, छान सॅलड होतं. घोळाणा, म्हणजे कच्च्या पाल्याची कोशिंबीर, खाणाऱ्या आपल्या विदर्भातल्या माणसाला कच्ची भाजी काही नवी नाही. तरीही पान वाढेपर्यंत पाला मलूल होतो आणि भांड्याच्या तळाशी पाणी साचतं. बहुतेक घरी कारणं दोनच असतात: पाला ओला राहिला आणि मीठ लवकर पडलं.

मीठ पानातलं पाणी बाहेर ओढतं, आणि तेल फार वेळ लागून राहिलं तरी पान मलूल होतं. म्हणून धुतलेला पाला सुती फडक्यावर पसरून चांगला कोरडा होऊ द्या. ओल्या पानावर तेल-लिंबू टिकत नाही, सगळं घसरून खाली जातं. काकडी घालणार असाल तर मधला बियांचा भाग काढून टाका. तेल, लिंबू, मीठ वेगळ्या वाटीत फेटून ठेवा आणि ताटं मांडली की मगच कालवा. २०० ग्रॅम पाल्याला २ चमचे शेंगदाणा तेल पुरे, जास्त घातलं तर हलकेपणाच जातो.

लिंबाचं प्रमाण पाला बघून ठरवा. हरभऱ्याच्या पानांवर मुळातच आंब असते. धुतल्यावर थोडी जाते, पण चव उरते. पालकाला लागतं तेवढं लिंबू इथे पिळलं तर दात आंबतात. आधी एक पान चावून बघा. आंबटात फार वेळ राहिलं तर पानाचा हिरवा रंगही काळपट होतो.

पाला कुठून खुडता, हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. घाटेअळीसाठी (हरभऱ्याचे घाटे खाणारी अळी) फवारलेल्या ओळीतला पाला कच्चा खाऊ नका, कितीही धुतला तरी. घरच्यासाठी दोन ओळी बिनफवारणीच्या राखाव्यात आणि फुलोऱ्याआधीच शेंडे खुडावेत. तेव्हा पान कोवळं असतं, आणि शेंडे खुडल्याने झाडाला फांद्याही जास्त फुटतात. फुलं लागल्यावर पाला राठ होतो.

शेंगदाणे मंद आचेवर भाजा, पूर्ण गार करा आणि अगदी शेवटी घाला. गरम घातले तर वाफेने मऊ पडतात, पानंही कोमेजतात. कूट नको, अर्धे दाणे करा. कूट पाणी शोषून चिकट होतं. खवट दाणा एकच असला तरी तोंडाची चव बिघडवतो. बुरशी आलेले दाणे मात्र सरळ फेका, भाजल्याने त्यातलं विष जात नाही. गडचिरोली-गोंदियाकडे चारोळी मिळाली तर तीही सुंदर लागते.

पनीर रबरासारखं होत असेल तर दूध फाटल्यावरही ते उकळत राहिलेलं असतं. फाटलं की गॅस बंद करा, लगेच गाळा, वजन १५-२० मिनिटंच ठेवा. बाजारचं चीज वापरलं तर त्यात मीठ असतंच, वरचं मीठ निम्मं करा.

सॅलड उरलंच तर दुसऱ्या दिवसासाठी ठेवू नका. त्याच रात्री ज्वारीच्या पिठात मळून धपाटे लावा.