पान पिवळं दिसलं की युरिया? या चुका टाळा

जुलैची झड उघडली की फोन सुरू होतात. "सोयाबीन पिवळं पडलं, युरिया किती फेकू?" कोणतं पान पिवळं, वरचं का खालचं, असं विचारलं की पलीकडे शांतता. वावरात वाकून कोणी पाहिलेलंच नसतं.

पानाचा हिरवा रंग हरितद्रव्याचा. ते उन्हातला लाल आणि निळा उजेड शोषतं, हिरवा बराचसा सोडून देतं, म्हणून झाड हिरवं दिसतं. त्याच्या रेणूत मधोमध मॅग्नेशियमचा अणू, भोवती नत्राचे, म्हणजे युरियातून मिळतं त्या नायट्रोजनचे, ४. लोह त्यात नसतं, पण लोहाशिवाय ते तयार होत नाही. नत्र कमी पडलं की झाड जुन्या पानातलं काढून कोवळ्याला देतं, म्हणून आधी खालचं पान पिवळं. लोह तसं हलत नाही. ते कमी पडलं की शेंड्याचं पान पिवळं होतं आणि शिरा हिरव्या राहतात.

मीही हे शिकलो ते नुकसान करूनच. एका वर्षी झडीनंतर ४ एकर सोयाबीन शेंड्याकडून पिवळं झालं. दुकानदाराने सांगितलं, मी युरिया फेकला. आठ दिवसांत तण तरारलं, पीक तसंच. तेव्हा कुठे एक झाड उपटून मूळ धुतलं. मुळं तपकिरी, मुळांवरच्या नत्र धरणाऱ्या गाठी मोजक्याच. आपल्या चुनखडीच्या काळ्या जमिनीत लोह असतं, पण मुळाला मिळत नाही, त्यात पाणी साचलं की मुळांचा श्वासच कोंडतो. धुऱ्याकडे चर काढला, वाफसा येताच, म्हणजे जमीन कामाजोगी सुकताच, डवरणी (ओळींमधली कोळपणी) केली, १० लिटर पाण्याला ५० ग्रॅम फेरस सल्फेट आणि २५ ग्रॅम चुन्याची निवळी घेऊन फवारलं. नवी पानं हिरवी निघाली. जुन्यांचा नाद सोडला.

तेव्हापासून युरियाच्या पोत्याला हात लावण्याआधी ४ ठिकाणची झाडं उपटून गाठी नखाने फोडतो. आत गुलाबी असेल तर गाठ हवेतलं नत्र पिकाला देते आहे. त्यावर युरिया फेकला की गाठी कमी धरतात. ज्याला दोन दिवस धीर नाही, त्याने सोयाबीन पेरूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

पानावर पिवळे-हिरवे चट्टे असतील तर तो पांढऱ्या माशीने पसरणारा मोझॅक, विषाणूचा रोग. खत नको, झाड उपटून पुरा.

पऱ्हाटीवर (कपाशीवर) लाल्या आला, म्हणजे पानं लाल पडू लागली की मॅग्नेशियम सल्फेटची फवारणी लवकर घ्या, बोंडं भरल्यावर नव्हे.

एका पंपात पाच औषधं नका कालवू.

मिरचीची रोपं उगवल्यावर झाकून ठेवू नका. नवरात्रातल्या घटाचे अंधारात वाढलेले अंकुर पिवळे असतात ते याचमुळे, उजेडाशिवाय हरितद्रव्य बनत नाही. घट उठल्यावर त्यातले चार अंकुर अंगणात उन्हाला ठेवा, दुसऱ्या दिवशी हिरवे होऊ लागलेले दिसतील.