तमाशा सुटल्यावर लगेच पळू नका: लोककलावंतांशी नातं कसं जोडायचं

वग, म्हणजे तमाशातलं शेवटचं नाट्य, संपला की लोक चपला शोधतात, मोटरसायकली चालू होतात आणि दहा मिनिटात मैदान रिकामं. माझं सांगणं एवढंच आहे की त्या दहा मिनिटात तुम्ही निघू नका. कनातीच्या मागं जा, लांबूनच हात जोडा आणि जो ढोलकीवाला रात्रभर वाजवत होता त्याला सांगा की मघाशी गौळणीत तुम्ही जो तुकडा वाजवला ना, तो लय भारी होता. बास. नातं इथून सुरू होतं, बाकी सगळं मग हळूहळू होतं.

मला बरेच जण विचारतात की तुझी एवढ्या कलाकारांशी ओळख कशी काय, तू काय पत्रकार आहेस का. नाही बाबा, साधा रसिक आहे, पण वीसेक वर्षं जत्रा, भीमजयंत्या, लावणीचे कार्यक्रम फिरतोय आणि त्यात ज्या चुका केल्या त्यातून जे कळलं ते लिहितोय.

पहिलं म्हणजे आपण काय ऐकायला चाललोय ते माहीत पाहिजे. ढोलकीफड, म्हणजे वग करणारी तमाशाची मंडळी, वेगळा, संगीतबारी वेगळी, शाहिरी कलापथक वेगळं, भीमगीतांची पार्टी वेगळी, कोकणातला शक्ती-तुरा तर पार वेगळा. सगळीकडे एकच शिट्टी चालत नाही. फडाचा तमाशा म्हणजे उघड्या मैदानात हजारो माणसं, तिथं फेटा उडवला, शिट्टी मारली तर कलाकाराला जोर येतो. पण चौफुल्याला नाहीतर मोडनिंबला संगीतबारीत बैठकीची लावणी ऐकायला बसलात तर तिथं दहा-पंधरा माणसं असतात, गाणारी बाई समोर दोन हातावर बसलेली असते आणि एकाच ओळीवर पाच वेगवेगळ्या अदा करते. तिथं शिट्टी मारणं म्हणजे बोलणाऱ्या माणसाच्या तोंडावर हात ठेवण्यासारखं आहे. वाईच्या यमुनाबाई वाईकरांना २०१२ मध्ये पद्मश्री मिळाली ती याच परंपरेसाठी, ज्यांनी त्यांना बैठकीत ऐकलंय ते अजून त्या बोलण्यातला ठहराव सांगतात. शक्ती-तुऱ्यात एका बाजूचा शाहीर सवाल टाकतो आणि समोरच्यानं जवाब द्यायचा असतो, तिथं सवालच नीट ऐकला नाही तर दाद कशाला देताय तेच कळणार नाही.

आणि वेळेवर जा. हे मी आयुष्यभर सांगत राहणार. लोक रंगबाजीला, म्हणजे गाण्या-नाचाच्या भागाला, येतात नाहीतर थेट वगाला, आणि गण झाला तेव्हा समोर निम्म्या खुर्च्या रिकाम्या असतात. गण म्हणजे गणपतीचं नमन, मग गौळण, त्यात कृष्ण, पेंद्या आणि मावशी, मग बतावणी, मग वग. ज्यांनी गणापासून ऐकलं त्यांना कलाकार ओळखून असतात. मला एका फडातले ढोलकीवाले काका पहिल्यांदा भेटले तेव्हा मी आपली ओळख करून द्यायला लागलो तर ते म्हणाले, अरे तू मागच्या साली पण डाव्या अंगाला बसला होतास की, तुझा तो निळा मफलर. मी गारच पडलो. आपल्याला वाटतं स्टेजवरून त्यांना नुसता अंधार दिसतो, तसं नसतं, पहिल्या पाच-सहा रांगा त्यांना चांगल्या दिसतात आणि कोण मोबाईल बघतंय तेही दिसतं.

जमलं तर अर्धा तास आधीच जा. हलगीवाला कागद नाहीतर पाचट पेटवून त्यावर हलगी शेकत असतो. थंडीत दवानं कातडं सैल पडतं, मग हलगी बोलत नाही, नुसती थप थप करते. तो जाळावर धरतो, बोटानं टिचकी मारतो, परत धरतो, परत टिचकी, आणि एका क्षणी तो आवाज थप वरून टण वर येतो आणि त्याच्या चेहऱ्यावर जे समाधान येतं ते बघण्यासारखं असतं. त्या वेळी गप्पा मारू नका, नुसतं बघा. नंतर विचारा की कातडं कुणाकडून मढवून घेता. कलाकाराला त्याच्या वाद्याबद्दल विचारलं की तो अर्धा तास बोलतो, कुणी विचारतच नाही हो.

दाद कधी द्यायची तर शब्द संपल्यावर, ढोलकी समेवर आली की. पोवाड्याला तर दाद देणं अजूनच सोपं आहे कारण तिथं झीलकरी, म्हणजे शाहिराच्या मागं साथ करणारे, जी जी रं जी जी करतात त्यात आपणही सूर मिसळायचा. काही शाहीर मुद्दाम थांबून प्रेक्षकांकडून ते काढून घेतात. लाजू नका, बेसूर झालं तरी चालतं. शाहीर साबळे, विठ्ठल उमप यांच्यासारख्या लोकांनी तर पब्लिकला गाण्यात ओढूनच कार्यक्रम उभे केले. वन्स मोअर मात्र जपून मागा, एका रात्रीत एकदा, फार तर दोनदा. तुमच्यासाठी ते एक गाणं आहे, त्या बाईच्या पायात किलो-किलोचे चाळ आहेत.

फर्माईश करायची तर चिठ्ठी लिहा. गाणं चालू असताना ओरडायचं नाही, दोन गाण्यांच्या मध्ये सोंगाड्याकडे नाहीतर पेटीवाल्याकडे चिठ्ठी द्यायची. आणि फडाला पिक्चरची गाणी मागू नका हो, ती ते वाजवतात कारण आपण मागतो, आणि मग आपणच म्हणतो की तमाशा बिघडला. जुनी गौळण मागा, छक्कड मागा, तो लावणीचाच एक प्रकार. चाळीस वर्षं गाणाऱ्या माणसाला कुणीतरी जुनी गौळण मागितली की तो आधी तुमच्याकडे बघतो आणि मग पेटीवाल्याकडे बघून हसतो. ते हसू बक्षिसापेक्षा मोठं आहे असं मला वाटतं, पण बक्षीस पण द्या, नुसत्या हसण्यावर फडाच्या गाडीत डिझेल भरत नाही.

आता पैशाचं. दौलतजादा हा शब्द बदनाम झालाय, पण कलाकाराला खूश होऊन काहीतरी देणं ही जुनी रीत आहे. अफजलखान वधाचा पोवाडा रचणाऱ्या अज्ञानदासाला घोडा आणि सोन्याचा तोडा मिळाला असं सांगतात. देण्यात वाईट काही नाही, वाईट असतं ते देण्याच्या पद्धतीत. नोटा उधळू नका. दुरून नोट नाचवत बाईला जवळ बोलावू नका. हातात देताना हात धरून ठेवू नका. स्टेजच्या कडेला ठेवा किंवा सोंगाड्याकडे द्या आणि नाव सांगा, तो माईकवरून पुकारतो. नाव नको असेल तर एक रसिक म्हणून सांगायचं. मी एक सवय लावून घेतलीय की नाचणारीला देतो तेवढंच ढोलकीवाल्याला आणि सुरत्याला पण देतो, कारण मागं उभं राहून रात्रभर सूर धरणाऱ्याकडे कुणाचं लक्षच जात नाही. हल्ली फोनवर पैसे पाठवता येतात, ते बरं आहे, पण आधी विचारा नंबर कुणाचा आहे, मालकाचा की कलाकाराचा. कारण तो हिशेब त्यांच्या आपसातला असतो, तुम्ही मध्ये पडून भांडण लावू नका.

मागं भेटायला गेलात तर कनातीच्या आत शिरायचं नाही. बाहेर उभं राहून आवाज द्या, मॅनेजरला विचारा. बायकांची मेकअपची बाजू असते तिकडे फिरकायचंच नाही. शाहिराला शाहीर म्हणा, वयस्कर बाईंना बाई नाहीतर मावशी, म्हाताऱ्या सोंगाड्याला तात्या, अण्णा, जे सगळे म्हणतात ते. अरे-तुरे करू नका, स्टेजवर तो विनोदासाठी शिव्या खातो म्हणून मागं पण तुम्ही त्याला तसंच बोलायचं असं नसतं. लग्न झालं का, घरचे काय म्हणतात, असले प्रश्न नकोत. गुरू कोण, गाव कुठलं, पहिल्यांदा कुठं उभे राहिलात, हे विचारा. सेल्फी विचारून घ्या. आणि कलावंत बाईचा पर्सनल नंबर मागू नका, फडाचा नंबर घ्या, तोच पुरतो.

विठाबाई नारायणगावकरांची गोष्ट सगळ्यांना माहीत असते, बाळंतपणाच्या कळा येत असताना त्या नाचत होत्या, मागं जाऊन बाळाला जन्म दिला आणि परत स्टेजवर आल्या. लोक ही गोष्ट त्यांच्या धाडसासाठी सांगतात, ते बरोबरच आहे. पण त्याच गोष्टीचा पुढचा भाग सांगतात की पब्लिकला ते कळलं तेव्हा लोकांनीच हात जोडून खेळ थांबवला. मला तो भाग जास्त महत्त्वाचा वाटतो. चाहत्याला कधी बास म्हणायचं ते पण कळलं पाहिजे.

मोबाईल रेकॉर्डिंगवर थोडं सविस्तर लिहितो कारण सगळ्यात जास्त गडबड इथंच होते. कॉपीराइट कायदा १९५७ चा आहे आणि त्यात कलाकाराच्या सादरीकरणावर त्याचा स्वतःचा हक्क मानलाय. घरी बघायला म्हणून थोडं शूट केलं तर ठीक आहे, पण यूट्यूबला टाकायचं तर विचारायचंच. बरेच फड आता स्वतःचे चॅनल चालवतात, तुम्ही अख्खा वग टाकलात की त्यांचे व्ह्यूज गेले, आणि गावोगावचे लोक म्हणणार, हा तर मोबाईलवर बघितला, आता कशाला बोलवायचा. एक-दोन मिनिटाची क्लिप विचारून टाका आणि खाली नावं लिहा: फडाचं, गाणाऱ्याचं, ढोलकीवाल्याचं, आणि गाणं कुणी लिहिलंय त्याचं.

आणि एक गोष्ट जी बाहेरच्यांना माहीतच नसते. क्लिप शेवटच्या कडव्याआधी कापू नका. शाहिरीत, लावणीत, भीमगीतात कवी आपलं नाव शेवटच्या कडव्यात गुंफतो, त्याला नाममुद्रा म्हणतात. वामनदादा कर्डकांची गाणी घ्या, शेवटी कुठंतरी वामन येतो. त्यांनी आयुष्यभर गावोगाव फिरून गाणी लिहिली आणि गायली, पण ती इतकी लोकांची झाली की गाणारे पुष्कळदा कवीचं नावच घेत नाहीत, आणि वरून आपण तीस सेकंदाची रील करताना नेमकं ते शेवटचं कडवं उडवतो. म्हणजे माणसानं सही केलेला कागद आपण सहीच्या वर फाडला.

आवडतोय ना तो फड, मग गावात बोलवा, चाहत्यानं यापेक्षा मोठं काही करायची गरज नाही. पाडव्याच्या सुमाराला नारायणगावला फडांच्या राहुट्या लागतात, तिथं गावोगावचे पुढारी जाऊन जत्रेची सुपारी ठरवतात. एकदा तरी नुसतं बघायला जा. बोलणी करायला जाणाऱ्यांच्या सोबत तुम्ही गेलात तर तीन गोष्टी बघा. एक, विसार किती दिला आणि बाकी कधी द्यायची ते कागदावर घ्या. दोन, लाऊडस्पीकरचा नियम रात्री दहाचा आहे, काही ठराविक दिवशी प्रशासन बारापर्यंत सूट देऊ शकतं, तेव्हा परवानगी गावानं काढायची, फडाच्या गळ्यात टाकायची नाही. तीन, बायकांना कपडे बदलायला आडोसा, संडास, पाणी आणि सगळ्यांना पोटभर जेवण. पन्नास-साठ माणसांचा लवाजमा असतो मोठ्या फडात, ट्रकातून आलेला असतो, आणि आपण त्यांना शाळेच्या उघड्या व्हरांड्यात सोडून देतो.

आमच्याच गावात एका सालची गोष्ट आहे, नाव घेत नाही, कमिटीवाल्यांनी पाऊस आला म्हणून राहिलेले पैसे दिले नाहीत. अर्धा वग झाला होता तरी. मालक पहाटेपर्यंत पाराजवळ बसून राहिला, भांडला नाही, ओरडला नाही. शेवटी आम्ही सात-आठ पोरांनी वर्गणी काढून निम्मे तरी दिले. तो फड परत आमच्या गावाला आला नाही, पण त्या मालकाचा मला दर दिवाळीला फोन येतो.

पावसाळ्यात फोन करा, हे तर लिहूनच ठेवा. फडांचा हंगाम दसऱ्याला चालू होतो आणि वैशाखात संपतो. पुढं चार-पाच महिने काहीच नाही, कलाकार शेतात मजुरीला जातात, मालकाकडून उचल घेतलेली असते ती डोक्यावर असते. जत्रेत सगळेच ओळख दाखवतात, आषाढात कुणी दाखवत नाही. भीमगीतवाल्यांचं पण तसंच, एप्रिलमध्ये एका दिवशी दोन-दोन कार्यक्रम आणि मग शांतता. काम देता आलं तर द्या: घरचा गोंधळ असेल तर गोंधळी बोलवा, डीजेच्या पैशात संबळ वाजवणारे चार जण येतात आणि वर जेवून आशीर्वाद देऊन जातात. शाळेत पोवाडा ठेवा. सिंधुदुर्गात गेलात तर पिंगुळीला चित्रकथी, म्हणजे चित्रं दाखवत गोष्ट सांगायची कला, बघा, परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली ते तिथलेच.

आता शेवटचं, आणि हे कुणी सांगत नाही. राज्य सरकारची ज्येष्ठ साहित्यिक आणि कलावंतांसाठी मानधन योजना आहे, राजर्षी शाहू महाराजांच्या नावानं, पन्नाशीच्या पुढच्यांसाठी, महिना ५००० रुपये. त्यात कलेत इतकी वर्षं काम केल्याचे पुरावे लागतात, आणि ज्या माणसानं चाळीस वर्षं ढोलकी वाजवली त्याच्याकडे एक कागद नसतो. हँडबिल कोण जपणार, फोटो कोण काढणार, पुरस्काराची ट्रॉफी आहे पण सर्टिफिकेट पावसात गेलं. हे सगळं आपल्याकडे असतं. माझा निळा मफलर लक्षात ठेवणाऱ्या त्या ढोलकीवाल्या काकांचा अर्ज भरायला बसलो तेव्हा त्यांच्या ट्रंकेत निघाला एकच फोटो, तोही अर्धा वाळवीनं खाल्लेला, आणि माझ्या जुन्या फोनमध्ये निघाले अकरा, शिवाय जत्रेच्या चार पत्रिका, ज्यात फडाचं नाव आणि साल छापलेलं. तेवढ्यावर फाइल तयार झाली. तेव्हा जत्रेची पत्रिका टाकून देऊ नका, कार्यक्रमाचा एक फोटो असा काढा ज्यात कलाकाराचा चेहरा आणि मागचा बोर्ड दोन्ही दिसेल, प्रिंट काढा आणि मागं पेनानं गाव, तारीख आणि वाजवणाऱ्याचं पूर्ण नाव लिहा. टोपणनाव नको, आधारवर असतं ते.