किंगडम २ बघायचाय? आधी नावांचा गुंता सोडवा

'किंगडम' पिक्चरचा पहिला पार्ट (२०१९) बघितला नसेल तर आधी तो उरका, नाहीतर २०२२ च्या दुसऱ्या पार्टमधे हीरो शिन आणि राजा एइ सेइ यांचं एवढं का जमतं ते कळणारच नाही. खरी डोकेदुखी नावांची. पिक्चर जपानी, गोष्ट जुन्या चीनमधल्या सात राज्यांची, नावं सगळी जपानी उच्चारात, त्यामुळे एइ सेइच्या चिन राज्याला पण 'शिन' म्हणतात आणि हीरोचं नाव पण शिन, मी अर्धा तास भंजाळलो होतो राव! म्हणून कागदावर दोनच ओळी लिहा: शिन म्हणजे आपली बाजू, गी म्हणजे समोरचं वेई राज्य. बाकीची पाच राज्यं इथे सोडून दिली तरी चालतात.

युद्ध सुरू झालं की सेनापतींच्या मागे लागू नका, शिनच्या पाच जणांच्या तुकडीवर नजर ठेवा, त्यातली गप्प गप्प क्योकाइ तलवार काढते तेव्हा मोबाईल बाजूला ठेवा. आणि हो, हा एइ सेइच पुढे इ.स.पू. २२१ मधे सगळा चीन एक करून पहिला सम्राट होतो, इतिहासच आहे तो, स्पॉयलर म्हणून भांडू नका.