इकोलॉजीत नवीन आहात? आधी ऊर्जेचा जमाखर्च मांडायला शिका

इकोलॉजीकडे वळणारी बहुतेक मुलं-मुली प्राण्यांच्या ओढीने येतात, कुणाला पक्षी आवडतात, कुणाला साप, कुणाला नुसतं जंगलात फिरायला मिळेल म्हणून बरं वाटतं, आणि ही ओढ हवीच, तिच्याशिवाय गुडघाभर चिखलात उभं राहून सॅम्पल घ्यायचा कंटाळा येतो. मीसुद्धा माशांच्या आवडीपायी आले आणि आता गोड्या पाण्याच्या इकोसिस्टिमवर काम करते. ज्युनिअर विचारतात, ताई सुरुवातीला नेमकं काय पक्कं करू? माझं उत्तर ठरलेलं आहे, ऊर्जा कुठून आली आणि कुठे गेली याचा जमाखर्च मांडायला शिका. व्याख्या आणि आकृत्या त्यानंतर आपोआप डोक्यात बसतात.

गवत, नाकतोडा, बेडूक, साप, गरुड ही फूड चेन सगळ्यांनी शाळेत काढलेली असते. बाणाचं टोक खाणाऱ्याकडे असतं कारण ऊर्जा तिकडे जाते, हे एकदा पक्कं करून टाका, परीक्षेत भरपूर जण उलटा काढतात. आणि मग प्रत्येक बाणापाशी थांबून विचारा, उरलेलं कुठे गेलं? नाकतोड्याने सगळं गवत खाल्लंच नाही, बरंचसं वाळून मातीत गेलं. खाल्लं त्यातलं काही पचलं नाही, विष्ठेतून बाहेर पडलं. पचलं त्यातलं बरंच उड्या मारण्यात आणि शरीर चालू ठेवण्यात खर्च झालं, म्हणजे शेवटी उष्णता होऊन निघून गेलं. जे अंगी लागलं, म्हणजे वाढ झाली, अंडी झाली, तेवढंच बेडकाच्या वाट्याला येऊ शकतं. निघून गेलेली उष्णता झाडाला परत वापरता येत नाही, त्याला प्रकाशच लागतो, म्हणून ऊर्जा एका दिशेने वाहत जाते आणि रोज नव्याने यावी लागते, कार्बन, नायट्रोजन, फॉस्फरस मात्र तेच तेच परत फिरून वापरले जातात.

आता तो १० टक्क्यांचा नियम. साखळीतल्या एका पातळीवरून, म्हणजे कडीवरून, पुढच्या पातळीवर साधारण १० टक्के ऊर्जा जाते असं सगळीकडे लिहिलेलं असतं आणि अंदाजासाठी ते ठीक आहे, पण तो काही निसर्गाने आखून दिलेला आकडा नाही. पक्षी आणि सस्तन प्राणी शरीर गरम ठेवण्यात इतकी ऊर्जा घालवतात की पचवलेल्यातली साधारण १ ते ३ टक्केच त्यांच्या वाढीत उतरते, माशांमध्ये ते १० टक्क्यांच्या आसपास जातं आणि कीटकांमध्ये ४० टक्क्यांपर्यंतसुद्धा. म्हणजे साखळीत कोण आहे यावर पुढे किती पोचणार हे ठरतं. साखळ्या चार-पाच कड्यांच्या पुढे फारशा का जात नाहीत, आणि मोठे शिकारी प्राणी संख्येने इतके कमी का असतात, त्याचं एक मोठं कारण या गळतीतच आहे.

हे नुसतं वाचून समजत नाही, आकडे हाताने मांडावे लागतात. त्यासाठी मी प्रत्येकाला फ्लोरिडातल्या सिल्व्हर स्प्रिंग्जचा अभ्यास करायला लावते, हॉवर्ड ओडम यांनी १९५७ मध्ये प्रसिद्ध केलेला. स्वच्छ पाण्याचा झरा, आत काय चाललंय ते दिसतं, पाणी एका बाजूने येतं आणि दुसऱ्या बाजूने जातं, म्हणून हिशोब मांडायला अगदी सोयीचं ठिकाण. सगळे आकडे एका चौरस मीटरला एका वर्षाचे, किलोकॅलरीत. वनस्पतींनी प्रकाशसंश्लेषणातून २०,८१० कमावले, त्यातले ११,९७७ स्वतःच्या श्वसनात खर्चले, हातात राहिले ८,८३३. शाकाहारी प्राण्यांकडे ३,३६८ गेले, त्यांना खाणाऱ्यांकडे ३८३, आणि सगळ्यात वरच्या मांसाहाऱ्यांकडे फक्त २१. कागद घ्या आणि २०,८१० पासून सुरू करून प्रत्येक आकडा आधीच्या पातळीच्या किती टक्के ते काढा, १६ येतात, मग ११, मग साडेपाच, एकही बरोबर १० नाही.

पण खरी गंमत पुढे आहे. विघटकांकडे, म्हणजे बॅक्टेरिया, बुरशी वगैरे मंडळींकडे ५,०६० गेले, शाकाहाऱ्यांपेक्षा कितीतरी जास्त! आकृतीत यांना कोपऱ्यात एक छोटा चौकोन मिळतो. आता श्वसनाचे आकडे एकाखाली एक लिहा, वनस्पती ११,९७७, शाकाहारी १,८९०, मांसाहारी ३१६, वरचे मांसाहारी १३, विघटक ४,६००. बेरीज १८,७९६. त्यात पाण्याबरोबर खाली वाहून गेलेले २,५०० मिळवा, झाले २१,२९६. आता जमेची बाजू, वनस्पतींचे २०,८१० आणि बाहेरून आलेलं अन्न ४८६, तेही २१,२९६. दोन्ही बाजू जुळतात. ही बेरीज स्वतःच्या हाताने जुळवून बघितली की ऊर्जा नाहीशी होत नाही हे वाक्य घोकायची गरजच उरत नाही, माझ्या मते संपूर्ण विषयातला हा सगळ्यात समाधान देणारा व्यायाम आहे, अर्ध्या तासात होतो.

या पद्धतीची सुरुवात करणारा रेमंड लिंडेमन विद्यार्थ्यांना माहीत असायलाच हवा. मिनेसोटातल्या सीडर बॉग लेक नावाच्या छोट्या तळ्यावर त्याने काम केलं आणि सजीवांना नुसती नावं न देता ऊर्जेच्या पातळ्यांमध्ये मांडलं. त्याचा पेपर तज्ज्ञांनी आधी नाकारला होता, फार थिअरी आहे म्हणून, मग येल विद्यापीठातले इकोलॉजिस्ट हचिन्सन यांनी त्याची बाजू लावून धरली आणि तो १९४२ मध्ये छापून आला, पण तोपर्यंत लिंडेमन गेलेला होता, वयाची २७ वर्षंही पूर्ण झाली नव्हती. एवढ्या कमी वयात, आजारी असताना, त्याने जे मांडलं त्यावर आपण आजही उभे आहोत, मला त्याच्याबद्दल फार आदर वाटतो.

या पातळ्या एकावर एक रचून, वनस्पती तळाला ठेवून, जो पिरॅमिड काढतात त्याच्या बाबतीत एक गोष्ट नीट बघा. ऊर्जेचा पिरॅमिड कधी उलटा होत नाही पण जैववस्तुमानाचा, म्हणजे सजीवांच्या एकूण वजनाचा, होऊ शकतो. इंग्लिश खाडीतलं उदाहरण प्रसिद्ध आहे, चौरस मीटरला वनस्पती-प्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म वनस्पती, ४ ग्रॅम आणि त्यांना खाणारे प्राणी-प्लवक २१ ग्रॅम. खाणारे जास्त आणि खाणं कमी, हे चालतं कसं? कारण वनस्पती-प्लवक भराभर विभागतात, आज खाल्लेले एक-दोन दिवसांत पुन्हा भरून निघतात. कुठल्याही क्षणी किती आहे हा एक प्रश्न आणि किती वेगाने तयार होतंय हा वेगळाच प्रश्न, या दोन्हींची सरमिसळ होऊ देऊ नका. पृथ्वीवरच्या एकूण प्राथमिक उत्पादनातलं, म्हणजे प्रकाशसंश्लेषणातून होणाऱ्या उत्पादनातलं, जवळपास निम्मं समुद्रात होतं, आणि ते करणाऱ्या प्लवकांचं वजन जमिनीवरच्या झाडांपुढे अगदीच किरकोळ आहे.

प्रॅक्टिकलमध्ये निवडायला मिळालं तर लाइट-डार्क बॉटलचा प्रयोग नक्की करा. तळ्याचं पाणी तीन बाटल्यांत घ्यायचं, एकीतला विरघळलेला ऑक्सिजन लगेच मोजायचा, एक पारदर्शक आणि एक काळी बाटली दोरीला बांधून, जितक्या खोल पाणी घेतलं तितक्याच खोल पाण्यात सोडायच्या आणि काही तासांनी मोजायचं. समजा सुरुवातीला लिटरला ८ मिलिग्रॅम होता, पारदर्शक बाटलीत १० झाला आणि काळीत ७. काळीत प्रकाश नाही, म्हणजे नुसतं श्वसन, १ गेला. पारदर्शकमध्ये उत्पादन आणि श्वसन दोन्ही चालू, तरी २ वाढला, हे निव्वळ उत्पादन. एकूण उत्पादन दोघांची बेरीज, ३. बाटली भरताना आत हवेचा बुडबुडा राहता कामा नये, बूच लावल्यावर बाटली उलटी करून बघायची, बुडबुडा दिसला तर सरळ परत भरायची. एकूण आणि निव्वळ यातला फरक इतका स्वच्छ दुसऱ्या कशातूनच कळत नाही.

विघटन बघायचं असेल तर वाळलेली पानं वजन करून जाळीच्या पिशव्यांत भरा, काही पिशव्या बारीक जाळीच्या, काही मोठ्या, पालापाचोळ्याखाली ठेवा आणि दर काही आठवड्यांनी एकेक काढून, माती झटकून, ओव्हनमध्ये सुकवून परत वजन करा. मोठ्या जाळीतून गांडुळं, किडे आत शिरतात, बारीकमधून ते शिरत नाहीत, आणि दोन्हींच्या वजनातल्या फरकावरून कोणाचं काम किती याचा अंदाज येतो. जंगलात तयार झालेल्या पानाफांद्यांतला मोठा भाग कोणी हिरवा असताना खातच नाही, तो या वाटेनेच जातो, म्हणून हे काम दुय्यम समजू नका.

एवढं सगळं सांगून झाल्यावर हेही सांगायला हवं की जमाखर्चातून सगळं कळत नाही. इकोलॉजिस्ट रॉबर्ट पेन यांनी अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावर खडकांच्या एका पट्ट्यातून स्टारफिश काढून टाकले, तर तिथे शिंपल्यांनी सगळी जागा बळकावली आणि १५ जातींच्या ८ झाल्या, पेपर १९६६ चा आहे. ऊर्जेच्या आकड्यांत तो स्टारफिश किरकोळच दिसला असता. म्हणून फूड वेब, म्हणजे अनेक फूड चेनचं जाळं, काढताना दोन वेगळे कागद घ्या, एकावर कोणाकडून कोणाकडे किती ऊर्जा जाते आणि दुसऱ्यावर कोण गेलं तर काय बदलेल. मुलाखतीत हा फरक मांडता आला तर समोरचा लगेच ओळखतो की याने विषय समजून केलाय.

करिअरचं म्हणाल तर पाण्याची गुणवत्ता, मत्स्यव्यवसाय, पर्यावरण परिणामांचे अहवाल, जंगल पुन्हा उभं करण्याची कामं, संशोधन, असे रस्ते आहेत आणि सगळीकडे तीन गोष्टी विचारल्या जातात, सजीवांचा एखादा गट जातीपर्यंत ओळखता येतो का, स्टॅटिस्टिक्स येतं का, आणि फिल्डवरच्या नोंदी दुसऱ्याला वाचता येतील अशा ठेवता का. गट निवडताना ग्लॅमरकडे बघू नका, पाण्यातले किडे किंवा शेवाळं ओळखणारी माणसं कमी असतात आणि लागतात मात्र सगळ्यांना. स्टॅटिस्टिक्ससाठी आर (R) हे सॉफ्टवेअर शिका, ते फुकट आहे, आणि प्रॅक्टिसला डेटा हवा असेल तर वर दिलेले सिल्व्हर स्प्रिंग्जचेच आकडे टाकून पहिला ग्राफ काढा.