लघुग्रहावर पैज लावताना

लघुग्रह पृथ्वीवर धडकण्याची शक्यता ३.१ टक्के असेल तर रास्त भाव एका मिसळीला साधारण ३१ मिसळी. पण धडकलाच तर रंकाळ्यावर वसुली करणार कोण? म्हणून पैज आकड्यावर लावा: ठरल्या तारखेला शक्यता १ टक्क्याच्या वर की खाली. नासाचा आणि युरोपीय अंतराळ संस्थेचा आकडा वेगळा असतो, कोणता धरायचा ते आधीच लिहून ठेवा.

चढता आकडा बघून ‘वर’ म्हणणारे फसतात. निरीक्षणं वाढली की लघुग्रह कुठून जाईल याच्या अनिश्चिततेचा पट्टा आखडतो. पृथ्वी त्यात असेतोवर टक्केवारी चढते, बाहेर पडली की कोसळते. ‘२०२४ वायआर४’ हा लघुग्रह फेब्रुवारी २०२५ मध्ये ३.१ टक्क्यांवर होता, त्याच महिन्यात जवळपास शून्याला टेकला. पैसे लावू नका, कायद्यात बसत नाही, तांबडा-पांढरा चालतो.