घरच्या सोयाबीनच्या पट्ट्या घ्या आणि डेटा ॲनालिटिक्स शिकायला बसा

डेटा ॲनालिटिक्स (आकड्यांवरून प्रश्नाचं उत्तर काढायचं काम) शिकायचंय, कोणता कोर्स लावू असं गावाकडची पोरं लई विचारायलेत, कुणी बीकॉम झालेलं, कुणी दोन-तीन वर्षं एमपीएससी करून आलेलं. माझं सांगणं असं की आधी फी भरू नका. घरी जा, भिंतीला तारेत खोचलेल्या आडतीच्या पट्ट्या (माल विकल्यावर आडत्या देतो त्या पावत्या) असतेत, त्या खाली काढा, धूळ झटका आणि मोबाईलवर नाहीतर लॅपटॉपवर गुगल शीट उघडा. मी तिथूनच शिकलो, लातूरच्या मोंढ्यातल्या (धान्याच्या बाजारातल्या) आमच्या सोयाबीनच्या पट्ट्यांवर. कोर्समध्ये परदेशातल्या दुकानाचा तयार डेटा देतेत, त्यात चूक झाली तरी आपल्याला कळत नाही. घरच्या आकड्यात गडबड झाली की लगेच डोळ्याला खुपते, कारण तो माल आपण स्वतः उचललेला असतो.

पट्ट्या भरायच्या आधी प्रश्न ठरवा, आणि तो वहीत लिहून काढा. "शेती का परवडत नाही" हा प्रश्न आकड्यांना विचारता येत नाही, तो लई मोठा आहे. "सोयाबीन काढलं की लगेच ओलंच मोंढ्यात विकायला घालतो ते बरोबर आहे का, का वाळवून महिना-दीड महिना थांबावं" हा विचारता येतो, कारण त्याचं उत्तर रुपयात निघतंय. प्रश्न ठरला की कोणते कॉलम लागतेत ते आपोआप कळतं: तारीख, वजन क्विंटलमध्ये, भाव, ओलावा, हमाली-तोलाईची कपात, हातात आलेली रक्कम. एक पट्टी म्हणजे एक ओळ. मधेच टोटलची ओळ घालायची नाही, दोन खाने एकत्र जोडायचे नाहीत, रंगबिरंगी तर काहीच नको.

आता खरं काम, भरलेले आकडे नीट करायचं. ह्यालाच साफसफाई म्हणतेत आणि ह्यातच निम्म्याहून जास्त वेळ जातो, कुणी काही म्हणू द्या. मी पहिल्यांदा भाव टाकताना काही ठिकाणी ४२०० आणि काही ठिकाणी "४२०० रु" असं टाकलं, आणि शीटनं रु लिहिलेले सगळे खाने मजकूर समजून बेरजेतून सोडून दिले, एरर नाही की काही नाही. टोटल कमी आली तरी मी दोन दिवस तीच खरी धरून बसलो होतो. तेव्हापासून एक सवय लावली, आकडा खान्यात उजवीकडं चिकटतोय का बघायचं, डावीकडं चिकटला तर तो मजकूर आहे. आकडे इंग्रजी कीबोर्डनंच टाका, ते बरं पडतं. तारखेचं पण तसंच, शीटची सेटिंग अमेरिकेची असली तर ५/१०/२४ ला ती ५ ऑक्टोबर न धरता १० मे धरते, म्हणून सेटिंगमध्ये जाऊन लोकॅल (Locale, म्हणजे देश) भारत करून घ्या. आणि नावं एकसारखी लिहा, एका ठिकाणी सोयाबीन, दुसरीकडं सोयबीन, तिसरीकडं शेवटी स्पेस पडलेली, तर शीटच्या हिशोबानं ती तीन वेगळी पिकं झाली.

ओलावा बऱ्याच पट्ट्यांवर लिहिलेला नसतो. तिथं शून्य टाकू नका, खाना रिकामा सोडा. शून्य म्हणजे मोजलं आणि शून्य निघालं, रिकामा म्हणजे माहीत नाही.

मग सरासरी. इथं मला थोडं थांबायचंय कारण नव्यातल्या जवळजवळ सगळ्यांची इथंच फसगत होते. समजा तीन पट्ट्या आहेत, १२ क्विंटल ४३०० नं, ३ क्विंटल ४७०० नं आणि २० क्विंटल ४०५० नं. तीन भावांची बेरीज करून तीननं भागलं तर ४३५० येतात. पण खरं काय मिळालं बघा: वजन गुणिले भाव असा नवा कॉलम करा, ५१६००, १४१०० आणि ८१०००, बेरीज १४६७००, त्याला एकूण ३५ क्विंटलनं भागा, ४१९१ रुपये. क्विंटलमागं जवळपास १५९ चा फरक. चांगला भाव आला तो ३ क्विंटलला, पण गावात सांगताना आपण ४७०० च सांगतो, आणि बहुतांश माल गेला ४०५० नं. ह्याला भारित सरासरी म्हणतेत.

दुसरी गोष्ट मध्यक. ४१००, ४१५०, ४२००, ४२५० आणि पाचवा भाव टाकताना चुकून एक शून्य जास्त पडून ४२०००. सरासरी आली ११७४०, जो भाव मोंढ्यात कुणी बघितलेला नाही. मध्यक म्हणजे चढत्या क्रमानं लावून मधला आकडा, तो ४२०० च राहतो. म्हणून दोन्ही काढा, दोन्हीत लई अंतर दिसलं तर आधी टायपिंगची चूक शोधा.

सरासरी काय लपवते हे मराठवाड्यातल्या माणसाला पावसावरून लगेच कळतंय. महिन्यात १८० मिलिमीटर पडला असं धरा, कागदावर झकास. पण त्यातले १५० दोनच दिवसात पडले आणि मधे तीन आठवडे आभाळ कोरडं, तर शेंगा भरायच्या वेळेला पीक माना टाकतं आणि शेवटी पाण्यात उभं राहतं. २४ तासात ६५ मिलिमीटरच्या वर गेला की अतिवृष्टी धरतेत, ती सुद्धा महसूल मंडळाच्या (तालुक्यातल्या काही गावांच्या गटाच्या) आकड्यावर, म्हणून तालुक्याचा एकच आकडा घेऊन बसू नका, दिवसादिवसाचा मांडा आणि रेषेचा नाही तर खांबांचा चार्ट काढा, खंड डोळ्यासमोर येतो.

परत सोयाबीनकडं. पिव्होट टेबल नावाला अवघड वाटतं पण काम साधं आहे, ओळीत महिना टाका, व्हॅल्यूजच्या (Values) जागी वजन आणि रकमेची बेरीज टाका, महिन्यामहिन्याचा ढीग वेगळा होतो. आमचा ऑक्टोबरचा भाव दर वेळी पडलेला दिसला आणि मी म्हणलो झालं, थांबायचं. तेवढ्यावर थांबलो असतो तर चुकलो असतो. ऑक्टोबरमध्ये आवक पण जास्त असते आणि माल पण ओला असतो, मग भाव कशानं पडला? त्यासाठी सारख्याची सारख्याशी तुलना करावी लागते, १२ टक्के ओलाव्याच्या आसपासचा ऑक्टोबरचा माल आणि तसाच डिसेंबरचा माल. घरच्या पट्ट्या कमी पडल्या तर कृषी पणन मंडळाच्या वेबसाईटवर बाजार समितीनुसार रोजची आवक, कमीत कमी, जास्तीत जास्त आणि सर्वसाधारण दर मिळतो, त्यातला सर्वसाधारण घ्या.

आणि वाळवल्यावर वजन घटतं ते हिशोबात धरा. १६ टक्के ओलाव्याचा २० क्विंटल माल १२ वर आणला तर पाणी उडून १९.०९ क्विंटल राहतो, कारण २० गुणिले ८४ भागिले ८८. म्हणजे ओल्याला ४०५० मिळत असतील तर वाळलेल्याला कमीत कमी ४२४३ तरी पाहिजेत, तेव्हा कुठं बरोबरीत येतो, वाळवायची मजुरी आणि परत गाडीभाडं वेगळं. ४७०० मिळाले तर ८९७२७, म्हणजे ८७२७ जास्त, त्यातून खर्च वजा. माझ्या मते सगळ्यात कामाचा आकडा हा ४२४३ चाच आहे. दादांना मी चार्ट दाखवला नाही, एवढंच सांगितलं की ४२५० च्या खाली वाळवून उपयोग नाही, त्यांना लगेच पटलं.

एवढं हाताला बसलं की मग एसक्यूएल (साठवलेल्या डेटाला प्रश्न विचारायची भाषा) शिका, नंतर पायथन (प्रोग्रामिंगची भाषा), ते सोपं जातं कारण काय विचारायचं ते माहीत असतं. तोवर ह्या हंगामात एक करा, माल घातला की त्याच दिवशी पट्टीच्या मागं पेनानं ओलावा लिहून आणा, तो आकडा नंतर कुठंच मिळत नाही.