फ्रान्समधल्या बिनमोटारीच्या खडीच्या वाटा : सायकल नेताना या चुका टाळा

फ्रान्समध्ये कालव्यांच्या काठाने आणि बंद पडलेल्या रेल्वेमार्गांवरून अशा वाटा आहेत की दिवसभर सायकल चालवली तरी एक मोटार आडवी येत नाही. पुण्या-मुंबईत पहाटे पाचला निघून जेमतेम तासभर शांत रस्ता मिळवणाऱ्याला त्याचं मोल वेगळं सांगायला नको. पण मोटारी नाहीत म्हणजे वाट सोपी, असं मुळीच नाही. डांबरी रस्त्याचा हिशेब तसाच उचलून खडीवर लावला की इथल्या बहुतेक अडचणी सुरू होतात.

नकाशावरची सगळी रेघ एकसारखी समजणं

ही सगळ्यात महाग पडणारी चूक. फ्रान्समध्ये ‘व्वा व्हेर्त’ (म्हणजे ‘हिरवी वाट’) म्हणून जाहीर झालेल्या वाटेवर कायद्यानेच मोटारींना बंदी असते. चालणारे, सायकलवाले आणि घोडेस्वार यांच्यासाठीच ती राखलेली असते. ‘व्हेलोरूट’ मात्र लांब पल्ल्याचा मार्ग. त्यात कमी रहदारीचे साधे रस्तेही येतात. नाव एकच, क्रमांक एकच, पण मधले पंधरा किलोमीटर गावच्या रस्त्यावरून जाऊ शकतात.

कॅनाल दु मिदीचंच बघा. १६६६ ते १६८१ या काळात बांधलेला, तुलूझपासून भूमध्य समुद्राजवळच्या ‘तो’ नावाच्या सरोवरापर्यंत जाणारा हा सुमारे २४० किमीचा कालवा १९९६ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे. तुलूझमधून निघालात की पहिले पन्नासेक किलोमीटर गुळगुळीत डांबर. शहरातली माणसं इथे कामावर जातायेता सायकल चालवतात. मग जिल्हा बदलतो आणि डांबर संपतं. काही टप्प्यांवर दाबून बसवलेली बारीक खडी आहे, पण कार्कासोनच्या पुढे, बेझिएकडे जाताना, अनेक ठिकाणी उरते ती हातभर रुंदीची मातीची पायवाट. एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला गवत आणि मध्ये ‘प्लेन’ या चिनारच्या जातीच्या झाडांची मनगटाएवढी जाड मुळं. ‘पहिल्या दिवशी ऐंशी झाले, उद्याही होतील’ म्हणणारे इथे अडकतात. या भागात दिवसाला ४५ ते ५५ किमी धरा, त्यात समाधान आहे.

सावलीचाही हिशेब बदला. या कालव्याची ओळख असलेली प्लेन झाडं २००६ पासून एका बुरशीजन्य रोगाने मरताहेत. रोग पसरू नये म्हणून हजारो झाडं तोडावी लागली. नवी झाडं लावताहेत, पण ती अजून लहान आहेत. जुन्या फोटोंत दिसणारी हिरवी कमान मनात धरून जुलैच्या दुपारी निघू नका. काही टप्पे पूर्ण उघडे आहेत.

मुळांच्या त्रासाशिवाय खडीची मजा घ्यायची असेल, तर माझी शिफारस पश्चिम फ्रान्समधल्या मायेन नदीची. मायेन गावापासून लाव्हालमार्गे दक्षिणेला सुमारे ८० किमी नदीकाठची वाट आहे. बारीक खडी नीट बसवलेली, चढ जवळपास नाहीच. पहिल्यांदा जाणाऱ्याने इथूनच सुरुवात करावी.

टायरमध्ये हवा ठासून भरणं

रस्त्यावर हवा जितकी जास्त तितका वेग, ही सवय अंगात भिनलेली असते. खडीवर ती उलटते. ४० मिमीच्या टायरला, सत्तरेक किलोचा सायकलस्वार आणि थोडं सामान असेल तर ३५ ते ४० पीएसआयच्या (हवेच्या दाबाचं माप) आसपास सुरुवात करा. मग वाट काय सांगते ते ऐका. हँडल सतत थरथरतंय, वळणावर पुढचं चाक घसरतंय, तर दोन-तीन पीएसआय सोडा. मुळावरून जाताना रिमचा ‘टक्’ आवाज आला तर तेवढीच परत भरा. ट्यूब असेल तर त्या आवाजानंतर थांबून टायर दाबून बघाच. दोन छोट्या भोकांचं पंक्चर त्यातूनच होतं. वायव्य फ्रान्समधल्या ब्रिटनीत कुंपणाच्या झुडपांची छाटणी झाली की वाटेवर काटे पडलेले असतात. तिथे ट्यूबलेस टायर आणि सीलंट (भोक आपोआप बुजवणारं द्रव) असलेलं बरं.

सवयीचा हात आणि सवयीची बाजू

याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. आपल्याकडच्या बहुतेक सायकलींना पुढचा ब्रेक उजव्या हाताला असतो. फ्रान्समध्ये भाड्याने घेतलेल्या सायकलीला तो डाव्या हाताला मिळेल. सुट्या खडीवर, उतारावर, मागचा समजून पुढचा ब्रेक दाबला की चाक सरकतं आणि माणूस थेट खाली. दुकानातून बाहेर पडण्याआधी एकेक ब्रेक दाबून सायकल ढकलून बघा. जमत असेल तर दुकानदाराला बाजू बदलून द्यायला सांगा. हायड्रॉलिक ब्रेक असेल तर ते लगेच होणार नाही. मग पहिला तासभर डांबरी टप्प्यावर हात बसवा.

दुसरी सवय डावीकडे सरकण्याची. समोरून कुणी आलं की शरीर आपोआप डावीकडे वळतं, समोरचा त्याच्या उजवीकडे वळतो आणि दोघं एकाच बाजूला येतात. अरुंद काठावर एकाला पाण्यात जावं लागेल. उजवीकडेच राहा. चालणाऱ्यांच्या मागून जाताना आधी घंटी वाजवा आणि ‘बाँझूर’ (नमस्कार) म्हणा. सायकलला घंटी असणं तिथे कायद्याने सक्तीचं आहे.

जेवणाची आणि पाण्याची वेळ चुकवणं

गावातल्या उपाहारगृहाचं स्वयंपाकघर साधारण बारा ते दोन चालू असतं. अडीचला पोचलात तर कॉफी मिळेल, जेवण नाही. छोटी दुकानं दुपारी बंद, रविवारी दुपारनंतर बरीच बंद, सोमवारीही अनेक ठिकाणी शटर खाली. त्यामुळे सकाळी बेकरीतून पाव, चीज, फळं घेऊनच निघा. शाकाहारी असाल तर हे आणखी महत्त्वाचं. घरून चिवडा, चिक्की न्या. पेढे-बर्फी मात्र नको, युरोपीय संघाबाहेरून दुग्धजन्य पदार्थ आणायला बंदी आहे.

पाण्यासाठी एक खात्रीची युक्ती : गावची दफनभूमी. फुलझाडांसाठी तिथे बहुधा नळ असतो. मात्र ‘ओ नाँ पोताब्ल’ (पिण्यायोग्य नसलेलं पाणी) अशी पाटी असेल तर ते पाणी पिऊ नका.

पाऊस, बोगदे आणि वारा

बारीक खडीची भुकटी पावसात लगद्यासारखी होते आणि साखळीत, ब्रेकमध्ये शिरते. साखळी करकरायला लागली म्हणून वरून तेल ओतणं ही चूक. तेल आणि भुकटी मिळून घासण्याचा कागदच तयार होतो. मुक्कामी पोचल्यावर आधी बाटलीतल्या पाण्याने धुवा, फडक्याने पुसा, मगच प्रत्येक कडीवर थेंबभर तेल. ब्रेक पॅडचा एक जास्तीचा जोड जवळ ठेवा.

जुन्या रेल्वेमार्गांवर बोगदे येतात. दक्षिणेतल्या बेदारियू ते माझामे या वाटेवर ते आहेतच, आणि क्लुनीजवळचा ब्वा-क्लेर बोगदा १.६ किमी लांब असून हिवाळ्यात वटवाघळांसाठी बंद ठेवतात. दिवसाची सफर असली तरी दिवा हवा.

वाऱ्याचं म्हणाल तर कॅनाल दु मिदीवर आग्नेयेचा ‘ओताँ’ आणि वायव्येचा ‘सेर’ दोन्ही जोरदार. ठरवून टाकायचंच असेल तर तुलूझहून समुद्राकडे जा. सेर पाठीशी मिळण्याची आशा तरी राहते.

ब्रेव्हेनंतरची घाई

पॅरिस-ब्रेस्त-पॅरिस या ब्रेव्हेला, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुऱ्या करायच्या लांब पल्ल्याच्या सायकल सफरीला, आपल्याकडचे रँदोनर (अशा सफरी करणारे सायकलस्वार) जातात, आणि कारे हा त्यांचा नेहमीचा चेकपॉइंट नांत-ब्रेस्त कालव्याजवळच आहे. ब्रेव्हेनंतर कालव्यावर जायचा मोह होणं साहजिक. पण २८-३२ मिमीच्या टायरवर तो टाळा. शिवाय हा सुमारे ३६० किमीचा कालवा सलग नाही. गेर्लेदाँच्या धरणाने तो तुटला आहे आणि तिथे जुन्या रेल्वेमार्गाने जावं लागतं. शातोलँपाशी काठाची वाट संपते, पुढे ब्रेस्तपर्यंत चढउताराचा रस्ता.

परतीच्या गाडीची व्यवस्था निघण्यापूर्वी करा. प्रादेशिक टीईआर गाड्यांत सायकल नेता येते, पण उन्हाळ्यात काही प्रदेशांत सायकलच्या जागेचं आरक्षण लागतं. तेजेव्हेत (अतिवेगवान गाडीत) तर आरक्षण किंवा सुटी करून पिशवीत भरलेली सायकल, हे दोनच पर्याय. पिशवी भाड्याने मिळेल या भरवशावर राहू नका, घरूनच घडी घालून न्या.